फरशीखालचा थर: कोणाला हवा, कोणाला नको

काँक्रीट एकदा ओतले की त्याच्या खाली काही सारता येत नाही. गच्चीवर दहा वर्षांनी चायना मोझेक बसवता येते, भिंतीला बाहेरून पॅनेल लावता येते, खिडकी बदलता येते. फरशीखालचा उष्णतारोधक थर मात्र सोलिंग झाल्यावर आणि काँक्रीटची गाडी येण्याआधी ठरवावा लागतो, म्हणजे साइटवर सर्वांत जास्त घाई असते तेव्हाच. त्यामुळे हा निर्णय बहुधा हिशेबाने होत नाही. ‘आपल्याकडे कोण घालतं?’ किंवा ‘घालून टाका, असू द्या’ यांपैकी एका वाक्यात तो उरकला जातो.

मोशीत हा प्रश्न तीन दारांनी येतो. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. अलीकडे भोसरीची एमआयडीसी, इंद्रायणी ओलांडली की पलीकडे चाकणचा पट्टा. इथे गुंठा-दोन गुंठ्यांत घर बांधणारा माणूस तळमजल्याच्या फरशीबद्दल विचारतो. फुले, भाजीपाला, आइस्क्रीम किंवा औषधे ठेवण्यासाठी कोल्ड रूम उभारणारा उद्योजक तेच विचारतो, पण त्याचे पैसे आणि धोका दोन्ही मोठे असतात. तिसरे दार परदेशाकडे उघडते. मुलगा किंवा मुलगी टोरांटोजवळच्या ब्राम्प्टनला, नाहीतर मिनेसोटात घर घेते, तिथले ‘बेसमेंट’ गार पडते आणि सल्ला मात्र इथल्या सिव्हिल इंजिनिअर काकांना विचारला जातो.

तिघांना एकच उत्तर देता येत नाही. पण तिघांनी विचारायचे प्रश्न तेच आहेत: फरशीच्या वर किती तापमान राहणार, खालच्या जमिनीत किती आहे, फरशी किती रुंद आहे आणि जमिनीतल्या पाण्याचे काय होणार. बाहेर थंडी किती पडते, हा प्रश्न त्यांच्या नंतरचा.

जमिनीचे स्वतःचे हवामान

जमिनीत खाली जाऊ तसे ऋतू विरत जातात. दिवस-रात्रीचा फरक साधारण अर्ध्या मीटरच्या आत संपतो, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक आठ-दहा मीटरांवर जवळपास नाहीसा होतो. त्या खोलीवर जमिनीचे तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, बहुधा अंश-दोन अंश वर स्थिरावते. पुणे परिसरात ही सरासरी सुमारे २५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे मोशीच्या मुरमाखालचा काळा दगड बारा महिने २५ ते २७ अंशांच्या घरात असतो. टोरांटोच्या आसपास हाच आकडा नऊ-दहा अंश आहे.

पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो अधूनमधून छापून येतात. पण गोठते ते गवताच्या पात्यावरचे दव. त्याखालची माती गोठत नाही, कारण एका रात्रीची थंडी तिच्यात काही सेंटीमीटरही नीट शिरत नाही. मिनेसोटात मात्र हिवाळा महिनोन्महिने टिकतो. तिथे पाया किती खोल न्यायचा याचे नियमच जमीन किती खोलवर गोठते यावरून ठरलेले आहेत. राज्याच्या दक्षिण भागात ही खोली साडेतीन फूट आहे, उत्तरेकडे पाच फूट.

दुसरी बाब काँक्रीटची. जाड स्लॅब ऊब अडवतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. १५० मिलिमीटरच्या स्लॅबचा उष्णतारोध जेमतेम तीन मिलिमीटर एक्सपीएस (एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमएवढा भरतो. फरशी रुंद असेल तर खरे अडवण्याचे काम जमीन करते. मोठ्या स्लॅबच्या मधोमध जी उष्णता वर-खाली होते तिला बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचायला मातीतून कित्येक मीटरचा वळसा घ्यावा लागतो. कडेला हा वळसा फूट-दोन फुटांचाच असतो. म्हणून उष्णतेची गळती मुख्यतः कडेने होते. जमिनीतून होणाऱ्या उष्णतावहनाचे आयएसओ १३३७० हे आंतरराष्ट्रीय मानक याच तत्त्वावर उभे आहे. त्यात फरशीचे क्षेत्रफळ भागिले निम्मी परिमिती हा आकडा सगळ्या गणिताच्या मुळाशी येतो. छोट्या खोलीला क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त असते, मोठ्या गोदामाला कमी. हा मुद्दा पुढे शीतगृहांच्या हिशेबात निर्णायक ठरतो.

मोशीतले घर: इथे नकोच

एप्रिलमध्ये दुपारी खोलीतली हवा ३५ अंशांवर जाते तेव्हा तळमजल्याची फरशी पायाला गार लागते, कारण ती २६ अंशांच्या जमिनीला चिकटलेली असते. खोलीतली थोडी उष्णता सतत खाली मुरते आणि त्याचे वीजबिल येत नाही. डिसेंबरच्या पहाटे बाहेर दहा-बारा अंश असताना हीच जमीन उलटी ऊब देते. फरशीखाली फोम घातला तर हा दोन्ही ऋतूंतला फुकटचा व्यवहार बंद पडतो. एसी लावलेल्या खोलीतही फरक पडत नाही. आत २४-२५ आणि खाली २६, एवढ्या एक-दोन अंशांच्या तफावतीसाठी कोणताही थर पैसे वसूल करून देत नाही.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’ची मांडणीही याच दिशेची आहे. तिच्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे. छतातून जाणाऱ्या उष्णतेसाठी चौरस मीटर आणि अंशामागे १.२ वॅट अशी कमाल मर्यादा आहे. जमिनीला टेकलेल्या फरशीसाठी मात्र अशी अट नाही. आपल्याकडे घर तापते ते वरून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. उघड्या आरसीसी स्लॅबची उष्णता झिरपण्याची क्षमता या मर्यादेच्या तिप्पट-चौपट असते. हातात इन्सुलेशनसाठी चार पैसे असतील तर ते गच्चीवर खर्चावेत.

मोशीतल्या फरशीचा खरा शत्रू पाणी आहे. इंद्रायणीच्या बाजूला काळी माती लागते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि प्लिंथला तडे देते. ती उपसून मुरूम भरणे, थराथराने पाणी मारून रोलर फिरवणे, दगडी सोलिंग नीट बसवणे, वर जाड पॉलिथिन अंथरून मग काँक्रीट ओतणे आणि भिंतीखाली डीपीसी (ओलरोधक थर) न चुकवणे, ही कामे झाली की फरशीचा प्रश्न सुटला. सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगलाही हेच लागू आहे. तिथली हवा बाहेरच्या हवेसारखीच असते, त्यामुळे वॉटरप्रूफिंग आणि पंपाचा खड्डा महत्त्वाचा. इन्सुलेशनचा तिथे काही संबंध नाही.

कारखान्यातल्या वातानुकूलित खोल्यांनाही बहुधा हाच नियम लागतो. सुटे भाग मोजण्याची मेट्रॉलॉजी लॅब २० अंशांवर ठेवतात, कारण लांबीच्या मोजमापासाठी जगभर तेच संदर्भ तापमान धरले जाते. जमिनीशी तफावत सहाच अंशांची असते. शिवाय मोजणी-यंत्राखाली जड, घट्ट पाया हवा असतो. तिथे दाबला जाणारा फोम घालणे यंत्राच्या अचूकतेच्या मुळावर येऊ शकते.

ब्राम्प्टनचे तळघर: हो, पण कारण वेगळे

उत्तर अमेरिकेतल्या थंड भागात तळघर असते ते मुळात पायाच गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो म्हणून. एवढे खोदलेच आहे तर खोली करून घ्या, असा तो हिशेब. मराठी घरांत हे तळघर मुलांच्या खेळाचे, गणपतीच्या सजावटीचे सामान ठेवण्याचे किंवा शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने देण्याचे असते. म्हणजे तिथे माणसे राहतात.

तिथे स्लॅबखाली थर घालावा का? निव्वळ इंधनाच्या हिशेबाने उत्तर वाटते तितके ठाम नाही. आत २० अंश, खाली नऊ-दहा. तफावत दहा-अकरा अंशांची. बाहेर हवा उणे २० असते तेव्हा वरच्या भिंतीवर तफावत ४० अंशांची असते. दहा मीटर लांब-रुंद तळघर धरून आयएसओच्या रीतीने हिशेब केला तर साध्या फरशीतून चौरस मीटरला सरासरी पाचेक वॅट उष्णता खाली जाते. दोन इंच एक्सपीएस घातले तर ती जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे वाचतात ते चौरस मीटरमागे अडीचेक वॅट. स्वस्त नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या भट्टीच्या घरात एवढ्या बचतीतून फोमचे पैसे फिटायला बरीच वर्षे लागतात. म्हणूनच तिथल्या नियमावल्यांनी आधी तळघराच्या भिंती आणि जमिनीलगतच्या स्लॅबच्या कडा धरल्या. फरशीत गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या असतील तर खाली थर बंधनकारक केला, कारण तेव्हा फरशीच २५-३० अंशांची होते आणि तफावत दीडपट ते दुप्पट होते. न तापवलेल्या साध्या तळघराच्या फरशीचा निर्णय बऱ्याच ठिकाणी मालकावर सोडलेला आहे.

तरीही तिथले जाणकार नव्या बांधकामात हा थर घाला म्हणतात, त्याचे मोठे कारण उन्हाळ्यात आहे. जुलैत टोरांटोची हवा दमट होते. तळघराच्या फरशीचे तापमान तेव्हाही सोळा-अठरा अंशांवर रेंगाळत असते. तिच्यावर गालिचा टाकला की खोलीतली ऊब खाली पोहोचत नाही, काँक्रीट आणखी गार राहते आणि गालिच्याच्या पोटात दव धरते. मग कुबट वास, बुरशी आणि मुलांची सर्दी. खाली दोन इंच फोम असेल तर काँक्रीट जमिनीपासून तुटते, खोलीच्या तापमानाच्या जवळ येते आणि दव धरत नाही. फोमचे पैसे गॅसच्या बिलात मोजले तर महाग वाटतात, राहण्याजोग्या खोलीत मोजले तर नाहीत.

थंड प्रदेशात स्लॅबखाली आणखी एका पाहुण्याचा बंदोबस्त करावा लागतो, तो म्हणजे रेडॉन. ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू बंद तळघरात साठतो आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. घनमीटरला २०० बेकरेलच्या वर गेला की उपाय करा, असे कॅनडाचे मार्गदर्शन आहे. अमेरिकेची मर्यादा सुमारे १४८ बेकरेल आहे. त्यासाठी स्लॅबखाली खडीचा थर, त्यात एक छिद्रांची नळी आणि वर सलग पॉलिथिन लागते. खडी, फोम, पॉलिथिन, काँक्रीट असा क्रम धरला की उष्णता, ओल आणि रेडॉन तिन्हींचा बंदोबस्त एकाच खोदाईत होतो.

जुने घर घेतलेल्यांना हा मार्ग बंद आहे. त्यांना फोम वरून टाकून त्यावर प्लायवूडची जमीन करावी लागते आणि छताची उंची तीन इंचांनी घटते. त्यांनी आधी भिंती आणि छताखालच्या कडेच्या फटी बंद कराव्यात. त्या खर्चाचा परतावा लवकर मिळतो.

चाकण पट्ट्यातली शीतगृहे: शून्याच्या वर

आपल्याकडे ‘थंड हवामान’ खऱ्या अर्थाने असते ते पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलच्या आत. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार, मोशीचा उपबाजार, तळेगावच्या फुलांच्या पार्कातले गुलाब, जुन्नर-नारायणगावकडून येणारा भाजीपाला, शिवाय कारखान्यांच्या पाठोपाठ वाढलेली गोदामे, या सगळ्यांमुळे या पट्ट्यात कोल्ड रूमची गरज वाढत गेली. खाण्याचा बटाटा दोन ते चार अंशांवर ठेवतात, वेफर्सचा दहा-बारा अंशांवर, गुलाब दोन-चार अंशांवर. आइस्क्रीम आणि गोठवलेला मटार उणे १८ किंवा त्याखाली.

इथे परिस्थिती ब्राम्प्टनच्या उलट आहे. तिथे घर गरम आणि जमीन गार. इथे खोली तीन अंशांची आणि जमीन २६ अंशांची. ऊब खालून वर चढते आणि ती कॉम्प्रेसरला उपसावी लागते. तफावत २३ अंशांची, म्हणजे टोरांटोच्या तळघरापेक्षा दुप्पट. फरशीखालच्या थराच्या दृष्टीने मोशीची गुलाबाची कोल्ड रूम कॅनडातल्या तळघरापेक्षा ‘थंड’ आहे.

पण इथेही सरसकट ‘घाला’ म्हणण्याआधी दोन खोल्यांचा हिशेब करून पाहू. एक सहा मीटर लांब-रुंद खोली, दुसरे ३० बाय ६० मीटरचे शीतगृह. दोन्ही तीन अंशांवर, वर्षभर चालू. माती-खडकाची उष्णतावाहकता मीटर-अंशामागे दोन वॅट आणि एक युनिट वीज तीन युनिट उष्णता उपसते असे धरू. थर ५० मिलिमीटर एक्सपीएसचा. छोट्या खोलीत तो चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे ४० युनिट वीज वाचवतो. मोठ्या शीतगृहात सुमारे सात.

एकच माल आणि एकच जाडी, पण फायदा जवळपास सहापट कमी. कारण वर आलेच आहे: मोठ्या फरशीखालची जमीन कालांतराने गार होऊन स्वतःच थराचे काम करते, छोट्या खोलीला चारी बाजूंनी कड खाते. म्हणून छोट्या कोल्ड रूमच्या मालकाने फरशीत काटकसर करू नये. मोठ्या बटाटा-शीतगृहाने पूर्ण फरशीचा खर्च एका पानावर मांडून पाहावा आणि पैसे अपुरे असतील तर निदान कडेने दोन-तीन मीटरचा पट्टा आणि दाराचा उंबरा तरी सोडू नये. वेफर्सच्या बटाट्याच्या दहा-बारा अंशांच्या खोलीत तफावत आणखी उतरते, तिथे हा हिशेब अजून सैल होतो.

हिशेबात न दिसणारी एक गोष्ट आहे. जमीन गार व्हायला महिने लागतात. हंगामापुरते चालणारे शीतगृह दरवर्षी काही महिने बंद असते, खालची जमीन पुन्हा तापते आणि पुढच्या हंगामात माल भरताना तीच उष्णता पुन्हा उपसावी लागते. माल भरण्याच्या दिवसांतच यंत्रणेवर सर्वाधिक ताण असतो. अशा शीतगृहाला फरशीखालचा थर वर्षभर चालणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

राष्ट्रीय बागवानी मंडळाची शीतगृहांची तांत्रिक मानके २०१० पासून आहेत आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६६१ त्याहून जुने. दोन्हींत भिंत आणि छतासोबत फरशीचाही विचार आहे. अनुदान घेणाऱ्याला मानकाबाहेर जाता येत नाही. त्याने वरचा हिशेब जाडी ठरवण्यापुरता वापरावा, थर गाळण्यासाठी नव्हे.

शून्याच्या खाली: इथे चर्चा संपते

आइस्क्रीमच्या किंवा मटाराच्या फ्रीझरमध्ये प्रश्न विजेच्या बिलाचा राहत नाही, इमारतीच्या जिवाचा होतो.

फ्रीझर उणे २० अंशांवर वर्षानुवर्षे चालला की थंडी फरशीतून मुरमात उतरते. जमिनीतले पाणी गोठले की जमीन उचलली जाते. पाणी गोठताना नऊ टक्के प्रसरण पावते, म्हणून हे होते असे बरीच वर्षे मानले जाई. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास हा समज मोडला. गोठताना आकसणारे बेंझिन मातीत भरून त्यांनी प्रयोग केला, तरी माती वर आली. खरे कारण असे की गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून केशाकर्षणाने पाणी ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. जमिनीत पाणी मिळत आहे तोवर उचलणे थांबत नाही. पाठोपाठ आर्थर कासाग्रांडे यांनी कोणती माती धोक्याची हे ठरवणारी कसोटी दिली. वेगवेगळ्या आकाराचे कण असलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण तीन टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर ती संशयित. आपला मातकट मुरूम या कसोटीत सहज अडकतो, काळ्या मातीचे तर विचारायला नको. स्वच्छ खडी मात्र पाणी वर ओढत नाही.

‘आपल्याकडे जमीन २६ अंशांची, ती कशी गोठेल?’ हा युक्तिवाद इथे वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. वरच्याच ३० बाय ६० मीटरच्या इमारतीत उणे २० ठेवा आणि फरशीखाली चांगला १०० मिलिमीटर पफ घाला. जमीन स्थिरावल्यावर थराच्या खालच्या बाजूला सरासरी तापमान तीन अंशांच्या आसपास येते. ही सरासरी आहे. कडेला ते जास्त असते, मध्यभागी शून्याच्या खाली जाते. हे व्हायला काही वर्षे लागतात आणि धोका त्यातच आहे, कारण हमीचा काळ संपून गेल्यावर फरशी फुगायला लागते. आधी दार अडकते, मग रॅकचे खांब कलतात, सांध्यांत बर्फ दिसतो, गुळगुळीत फरशीवर फोर्कलिफ्ट डुलू लागते. दुरुस्ती म्हणजे माल हलवून, फ्रीझर बंद करून जमीन सावकाश वितळवणे. घाई केली तर वर आलेला स्लॅब पोकळीवर बसतो आणि फुटतो.

म्हणून मोठ्या फ्रीझरला थर आणि खालून ऊब, दोन्ही लागतात. नुसता थर थंडीला उशीर लावतो, कायमचा थांबवत नाही. नुसती ऊब तर तोट्याचाच धंदा. थराविना जमीन पाच अंशांवर राखायची तर चौरस मीटरला शंभराहून जास्त वॅट वर जातील आणि तेवढेच फ्रीझरला पुन्हा उपसावे लागतील. १०० मिलिमीटर पफ असताना हेच काम पाच-सहा वॅटमध्ये होते.

ऊब देण्याच्या तीन रीती आहेत. विजेच्या हीटर केबल बसवायला सोप्या, चालवायला महाग. ग्लायकॉलच्या नळ्या कॉम्प्रेसरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतात आणि मोठ्या प्रकल्पाला त्याच परवडतात. तिसरी रीत फरशीखाली समांतर पाइप टाकून त्यांतून बाहेरची हवा खेळवण्याची. कांदाचाळ जमिनीपासून उचलून खालून वारा खेळता ठेवतात, तशीच ही रचना. थंड देशांत हिवाळ्यात या पाइपांत गरम हवा सोडावी लागते. मोशीत बाहेरची हवा दहा अंशांच्या खाली फारशी जात नाही, त्यामुळे मध्यम आकाराच्या फ्रीझरला ही फुकटची सोय इथे चांगली लागू पडते. अटी तीन: पाइपांना उतार हवा म्हणजे आत धरलेले दव वाहून जाईल, तोंडाला जाळी हवी म्हणजे उंदीर शिरणार नाहीत, आणि तोंडे पावसाळी पाण्याच्या वर हवीत. ती चुकून लँडस्केपिंगच्या मातीत बुजवली गेली की सगळी रचना निकामी.

कोणतीही रीत घ्या, फरशीखाली मध्यभागी आणि कडेला तापमानाचे सेन्सर बदलता येतील अशा नळीत घाला आणि त्यांची नोंद ठेवा. त्यांचा खर्च प्रकल्पाच्या मानाने नगण्य असतो. जमीन शून्याकडे निघाली आहे हे इतक्या आधी दुसरे काहीच सांगू शकत नाही.

थर घालायचा ठरला तर

माल निवडताना उष्णतारोधाइतकाच भार पाहावा. थर्माकोल स्वस्त आहे, पण हलक्या घनतेचा फरशीखाली दबतो आणि ओल पितो. एक्सपीएस बंद पेशींचा असल्याने जमिनीत टिकतो. पफचा रोध सर्वाधिक, पण त्याला ओलीपासून राखावे लागते. एक्सपीएसवर ३०० किलोपास्कल लिहिलेले असते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३० टन. पण तो आकडा थोड्या वेळाच्या दाबाचा आणि दहा टक्के चेपण्याचा असतो. वर्षानुवर्षांच्या भाराला त्याच्या साधारण एक तृतीयांशच धरावा. रॅकच्या खांबाखालचा आणि फोर्कलिफ्टच्या चाकाखालचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा.

बाष्परोधक पडद्याची जागा चुकवू नये. वाफ गरम बाजूकडून गार बाजूकडे जाते. शीतगृहात गरम बाजू जमीन आहे, म्हणून पडदा फोमच्या खाली हवा आणि भिंतीच्या पॅनेलच्या पडद्याशी सलग जोडलेला हवा. कॅनडातल्या तळघरात तो फोमच्या वर, काँक्रीटला लागून टाकतात. परदेशी रेखाचित्र जसेच्या तसे उतरवले तर फोममध्ये पाणी साठते, पुढे त्याचा बर्फ होतो आणि रोध संपतो.

फ्रीझरसाठी खालून वर क्रम असा: रोलर फिरवलेला मुरूम, स्वच्छ खडी, पीसीसी (साधे काँक्रीट) आणि त्यात ऊब देणाऱ्या नळ्या, बाष्परोधक पडदा, सांधे चुकवून दोन थरांत फोम, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि शेवटी आरसीसी स्लॅब. साध्या कोल्ड रूमला नळ्या वगळून हाच क्रम. दाराच्या उंबऱ्यात स्लॅब सलग बाहेर काढू नये, तिथून थंडी बाहेर येते आणि दारापुढची फरशी घामेजते. मुरमात वाळवी आणि मुंग्या असतातच, त्या फोम खात नाहीत पण पोखरून घरे करतात. म्हणून वाळवीप्रतिबंधक फवारणी फोम टाकण्याआधीच उरकावी.

निकाल

मोशीतल्या राहत्या घराला फरशीखाली थर नको. तेच पैसे गच्चीला आणि ओलीच्या बंदोबस्ताला लावा. मेट्रॉलॉजी लॅब आणि साध्या एसी खोल्यांनाही नको. कॅनडा-अमेरिकेत नवे घर बांधणाऱ्यांनी दोन इंच घालावा, गॅसच्या बचतीसाठी नव्हे तर तळघर राहण्याजोगे होण्यासाठी. जुने घर घेणाऱ्यांनी आधी भिंती पाहाव्यात. शून्यावरच्या छोट्या कोल्ड रूमला आणि हंगामी शीतगृहाला थर घालावा, वर्षभर चालणाऱ्या मोठ्या शीतगृहाने मानक पाळून जाडीचा हिशेब करावा. शून्याखालच्या मोठ्या फ्रीझरला थर, खालची ऊब आणि सेन्सर तिन्ही हवेत, त्यात सूट नाही. आणि ठेकेदार ‘इथे कुठे बर्फ पडतो साहेब’ म्हणाला, तर काँक्रीटची गाडी दोन दिवस पुढे ढकला आणि त्याच्याकडून जमिनीच्या तापमानाचा हिशेब लेखी मागा.